अल्पसंख्याक कॉलेजात आमची जागा कुठे?

येरमाळ्याचं पोरगं बारावीत चांगले मार्क पाडतं. इंजिनिअरिंगसाठी आम्ही कॉलेजांची यादी चाळतो. वांद्र्याचं फादर रॉड्रिग्ज, कुर्ल्याचं डॉन बॉस्को ही ख्रिस्ती अल्पसंख्याक कॉलेजं नावाजलेली. पण तिथे अनुसूचित जातीचं आरक्षण लागू नाही.

का नाही? ९३व्या घटनादुरुस्तीने कलम १५(५) आणलं, खासगी कॉलेजांतही आरक्षणाची वाट मोकळी केली, आणि अल्पसंख्याक संस्थांना मात्र त्यातून वगळलं. २०१४ साली प्रमती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

आम्ही कलम ३०च्या विरोधात नाही. अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी बाबासाहेबही भांडले. ख्रिस्ती मुलांच्या जागा त्यांनाच मिळोत. पण ज्या जागा सर्वांसाठी खुल्या आहेत, त्यात आमचा वाटा का नको?

आणि दलितांतून ख्रिस्ती झालेल्यांचं काय? १९५०च्या आदेशाने त्यांना अनुसूचित जातीबाहेर ठेवलं. बौद्धांना तो हक्क १९९० साली मिळाला, त्यांना आजही नाही. चर्चमध्ये जात आहे, हे बिशप परिषदेने २०१६च्या दलित सबलीकरण धोरणात स्वतःच कबूल केलंय.

कायदा या संस्थांवर आरक्षणाची सक्ती करत नाही, पण दलित मुलांना जागा द्यायला मनाईही करत नाही. मग धोरण कागदावर कशाला? प्रवेशयादीत दाखवा. आणि सरकारने कलम १५(५)मधली ही सूट पुन्हा तपासावी.

१९५० साली बाबासाहेबांनी मराठवाड्यासाठी औरंगाबादेत कॉलेज काढलं, ते आमची पोरं दारातूनच परत फिरावीत म्हणून नव्हे.

जय भीम!