मोगरा हलवायचा असेल तर

एका वाचक भगिनीने पत्रातून विचारले आहे : ‘मेअखेरीस क्वार्टर सोडून गावच्या घरी राहायला जायचे आहे. दारातला बारा वर्षांचा मोगरा सोबत नेता येईल का?’

येईल. पण मे महिन्यात नव्हे, आणि आहे तसाही नव्हे.

हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. आमच्या दारात सासूबाईंच्या हातचा मोगरा होता. खोली सोडली ती ऐन मे महिन्यात. झाड कळ्यांनी लगडलेले, त्यामुळे एकही फांदी छाटायला कुणाचा हात धजावला नाही. तसेच खणून नेले. चार दिवसांत पाने करपली, पंधरवड्यात नुसत्या काटक्या राहिल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तांब्याभर पाणी मात्र रोज घालत राहिल्या. पुढे शेजारच्या मावशींनी त्याच झाडाचे, पूर्वी नेलेले, दाबकलम आणून दिले तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला.

झाड खणताना पाणी शोषणारी बारीक मुळे मातीतच तुटून राहतात. वर पाने मात्र तेवढीच. उन्हाने पानांतून पाणी उडत राहते आणि खालून पुरवठा होत नाही. म्हणून मुळे कमी झाली की वरचा पसाराही कमी करायलाच हवा.

मोगरा हलवायला दोन वेळा बऱ्या. एक, चांगले दोन-तीन पाऊस झाल्यावर, जूनअखेरीपासून ऑगस्टपर्यंत. दुसरी, थंडीत झाड विसावलेले असताना, नवी फूट येण्याआधी. या भगिनीला पावसाळ्यापर्यंत थांबता येणार नाही, तेव्हा त्यांनी आताच, थंडी आहे तोवर, गावी एक फेरी करून झाड लावून यावे. पाणी घालणारे घरचे कुणी तिथे हवे. यंदाच्या फुलांवर मात्र पाणी सोडावे लागेल.

गावी खड्डा आधी खणून ठेवा, मातीचा गड्डा आरामात मावेल एवढा लांब-रुंद आणि खोल. मातीत दोन-तीन घमेली जुने, कुजलेले शेणखत मिसळा. ताजे शेण नको. जागा उन्हाची निवडा. भिंतीच्या सावलीत मोगरा पानेच देतो.

खणण्याच्या आदल्या संध्याकाळी झाडाला भरपूर पाणी द्या, म्हणजे माती मुळांना धरून राहते. मग धारदार कात्रीने फांद्या दोन वितींवर छाटा, उरलेली पानेही बरीचशी काढा. जीव चुटपुटेल, पण छाटा. बुंध्यापासून दीड वीत अंतर सोडून गोल चर खणा, खालून पहार घालून मातीचा गड्डा अलगद उचला आणि ओल्या गोणपाटात सुतळीने घट्ट बांधा. बुंध्याला धरून ओढू नका. जुन्या झाडाचा गड्डा जड असतो, दोघे तरी लागतात.

लावताना बुंधा पूर्वी जितका मातीत होता तितकाच राहू द्या. माती पायाने दाबा, लगेच पाणी द्या आणि आठ-दहा दिवस वरून पोत्याचा आडोसा करा. माती ओलसर राहावी, चिखल नको. महिनाभर कोणतेही खत नको.

राहिलेली पाने पिवळी पडून गळतील. घाबरून उपटू नका. नखाने साल थोडी खरवडून पाहा. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे.

छाटलेल्या फांद्या टाकू नयेत. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या आठ-दहा काड्या कुंडीत खोचून सावलीत ठेवा. थंडीत मुळे सावकाश फुटतात आणि सगळ्या काही जगत नाहीत, पण मोठे झाड दगावलेच तर त्याच मोगऱ्याचे रोप हाताशी राहील. क्वार्टर सोडताना कुंडी सामानात सर्वांत शेवटी चढवा.

आणि दारातला खड्डा त्याच दिवशी बुजवून टाका. संध्याकाळच्या अंधारात कुणाचे तरी पोर त्यात पडायचे.