नाणे खरे की खोटे?

जुनी नाणी जमवण्याचा छंद तुमच्यापैकी अनेकांना असेल. अलेक्झांडर किंवा मिनँडर या ग्रीक राजांच्या नावाने विकायला ठेवलेली चांदीची नाणीही कोणी पाहिली असतील. अशा वेळी पहिला प्रश्न मनात येतो तो, "हे खरे असेल का?" आणि लगेच दुसरा, "केवढ्याला?" माझे म्हणणे असे, की या दोन्हींच्या आधी एक तिसरा प्रश्न विचारायला हवा. तो कोणता, हे पाहण्यापूर्वी खऱ्याखोट्याची परीक्षा कशी करतात ते पाहू.

ग्रीक नाण्यांचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध जवळचा आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी 'पेरिप्लस' हे प्रवासवर्णन लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या कल्याण बंदराचा उल्लेख केला आहे. अपोलोडोटस आणि मिनँडर यांची ग्रीक अक्षरांची जुनी द्राख्म नाणी भडोचच्या बाजारात अजून चालतात, असेही तो सांगतो. त्या धाटणीची नाणी मग इथल्या राजांनीही पाडली. सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याची चांदीची लहान नाणी मुंबई आणि साष्टी बेटांवर सापडली आहेत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही सारी उपनगरे साष्टीवरचीच. त्या नाण्यांवरचा राजाचा मुखवटा क्षत्रपांच्या नाण्यांमार्फत ग्रीक द्राख्मावरूनच उतरत आलेला आहे.

आता परीक्षेकडे वळू. पहिले साधन भिंग. प्राचीन ग्रीक नाणे बहुधा दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून, वर हातोड्याचा घाव घालून पाडत. घावाखाली धातू दाबला जाई, बाहेर पसरे, कधी कडेला चिरही पडे. स्वस्तातले खोटे नाणे पुष्कळदा साच्यात ओतलेले असते. त्याच्या पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांची बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा साबण झिजावा तशा बोथट असतात आणि कडेभोवती साच्याच्या जोडाची रेघ किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा आढळतात.

आणखी एक खूण आहे, ती तर्काने समजते. एकाच ठशाने पाडलेल्या दोन नाण्यांवर चित्र तेच असते. पण घाव दर वेळी थोडा वेगळा बसतो, म्हणून चित्राची जागा, कडेची चीर, वजन यांत फरक पडतो. समजा, दोन नाण्यांवर चित्र एकाच बाजूला सरकले आहे, चीर एकाच जागी आहे, खड्डाही तोच आहे. असा योगायोग घडत नाही. त्यांतले निदान एक तरी ओतीव नक्कल असणार!

दुसरे साधन आर्किमिडीजचे. चांदीचे विशिष्ट गुरुत्व १०.५, शिशाचे ११.३, तांब्याचे ८.९, कथलाचे ७.३. नाणे बारीक दोऱ्याला टांगून हवेत आणि पाण्यात वजन करा. हवेत २.४२ ग्रॅम आणि पाण्यात २.१९ ग्रॅम भरले, तर घट ०.२३ ग्रॅम. २.४२ ला ०.२३ ने भागले की १०.५ येते. पण घाई करू नका. तुमचा तराजू ०.१ ग्रॅमपर्यंतच अचूक असेल, तर ही घट ०.२ किंवा ०.३ दिसेल आणि उत्तर १२ किंवा ८ येईल. म्हणजे ते निरुपयोगी ठरेल. म्हणून आधी सराव म्हणून आजची, स्टेनलेस स्टीलची, एक रुपयाची दहा नाणी एकत्र बांधून मोजा. उत्तर ७.७ च्या आसपास यायला हवे.

समजा, उत्तर १०.५ आले. मग नाणे खरे ठरले का? नाही. धातू चांदी असावा, एवढेच ठरले. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) या जर्मन कारागिराने ग्रीक आणि रोमन नाण्यांचे ठसे स्वतः कोरून अस्सल चांदीसोन्याची खोटी नाणी पाडली. ती जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसात घालून घोडागाडीबरोबर हिंडवत असे, असे सांगतात. भिंग आणि तराजू यांच्यापुढे असे नाणे सहज उत्तीर्ण होईल. परीक्षा खोटे पकडते. पण खरेपणाचा दाखला एकटी परीक्षा देऊ शकत नाही.

उलट चूकही होते. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या १३,२५० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप राजा नहपान याची. दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे. मागे बाण व वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख. पुष्कळ नाण्यांवरची ग्रीक अक्षरे चुकलेली आहेत, कारण ठसे कोरणाऱ्यांना ती भाषा येत नव्हती. असे एखादे नाणे बाजारात दिसले, तर तुम्ही म्हणाल, "अक्षरे चुकली, म्हणजे खोटे!" पण ती राजाने स्वतः पाडलेली, अगदी खरी नाणी आहेत. नमुना उचलणे वेगळे आणि फसवणूक वेगळी.

या साठ्यातील ९,२७० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला डोंगराचा ठसा पुन्हा मारला होता. खाली नहपानाचा अर्धा चेहरा आणि वर गौतमीपुत्राची खूण! शंभरातली सत्तर नाणी अशी निघाली. गौतमीपुत्राने क्षहरातांचे कुळ उखडले, असे नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेख सांगतो. त्याला धातूचा पुरावा मिळाला. हीच नाणी एकेक करून बाजारात विकली गेली असती तर? प्रत्येक नाणे खरेच राहिले असते. पण कोणती कोणाबरोबर पुरली होती, किती होती, कुठे होती, हे सारे पुसले गेले असते.

म्हणून तो तिसरा प्रश्न: "हे कुठे सापडले?" उत्तर नसलेले नाणे खोटे असेल तर तुमचे पैसे गेले. खरे असेल तर ज्या साठ्यातून ते उचलले त्याचा इतिहास गेला, आणि तुमच्या खरेदीने पुढच्या उचलेगिरीला उत्तेजन मिळाले. दुसरे नुकसान अधिक मोठे, असे मला वाटते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेतील नाण्यांच्या प्रदर्शनात प्रत्येक चिठ्ठीवर राजा, धातू आणि वजन यांबरोबर 'सापडल्याची जागा' हा रकाना ठेवा. तो रिकामा राहिला तर रिकामाच दिसू द्या. मुलांना त्यातून पुरावा म्हणजे काय ते कळेल.

आणि मित्रहो, कधी शेतात किंवा पाया खणताना नाणी सापडलीच, तर ती घासू नका, ओरखडू नका, आम्लात बुडवू नका. जागा, खोली आणि संख्या लिहून ठेवा व मोठ्यांना सांगा. दहा रुपयांहून अधिक मोलाचे जुने धन जमिनीत सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. ग्रीक नाणी डोळे भरून पाहायची असतील, तर संग्रहालयात जा. तिथे ती विकत घ्यावी लागत नाहीत आणि शेजारच्या चिठ्ठीवर कुठे सापडले तेही लिहिले आहे का, तेवढे मात्र जरूर पाहा.