एकतिसावं मूल

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वाडीवरच्या शाळेचे गुरुजी घरोघर का हिंडतात, हे शहरातल्या माणसाला चटकन कळत नाही. त्याला वाटतं, प्रवेशोत्सवाची धावपळ असेल. ती असतेच. पण गुरुजींच्या डोक्यात आणखी एक हिशेब चालू असतो. समग्र शिक्षाच्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान १०,००० रुपये. पट ३१ झाला की २५,०००. म्हणजे एकतिसावं मूल पाटी-दप्तराबरोबर शाळेसाठी १५,००० रुपये घेऊन येतं. ते कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार असेल किंवा त्या मुलासाठी इंग्रजी शाळेची पिवळी बस वाडीच्या फाट्यावर येऊन उभी राहत असेल, तर ते १५,०००ही त्याच्याबरोबर जातात.

आता ३० पटाच्या शाळेच्या १०,००० रुपयांचं काय होतं ते पाहू. किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, म्हणजे उरले ९,०००. महिन्याला ७५०. यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, झेरॉक्स, नळाची तोटी, पंख्याचा कंडेन्सर आणि लोकवर्गणीतून मिळालेल्या टीव्हीची दुरुस्ती. वीजबिल तर मे महिन्यात शाळेला कुलूप असलं तरी येतं, कारण स्थिर आकाराला सुट्टी नसते. एक मीटर, एक छप्पर, मुलामुलींची दोन स्वच्छतागृहं, एक पाण्याची टाकी आणि भोवतीचं कुंपण हे सगळं ३० मुलांना जेवढं लागतं तेवढंच ३१ ला आणि जवळजवळ तेवढंच ९० ला. खर्च इमारतीचा आहे आणि पैसा डोक्यांवर मोजला जातो. लहान शाळेच्या अर्थकारणातला मूळ दोष हा आहे. बाकीच्या तक्रारी यातूनच निघतात.

पैसा किती, याइतकाच तो कधी येतो हा प्रश्न महत्त्वाचा. जुलै २०२१ पासून केंद्र पुरस्कृत योजनांचा निधी एकल नोडल खात्यातून येऊ लागला. शाळेचं खातं शून्य शिल्लकीचं झालं. त्यात रक्कम जमा होत नाही, खर्चाची मर्यादा येते. वर्षानुवर्षं बँकेत पडून राहणाऱ्या पैशाला या पद्धतीनं आळा बसला, हे मान्य केलं पाहिजे. पण मर्यादा फेब्रुवारी-मार्चमध्ये आली आणि ३१ मार्चला गेली, की मुख्याध्यापकाच्या हातात उरतात ते मोजके दिवस. त्या दिवसांत तालुक्याच्या बाजारात बँक खातं, पॅन आणि पक्कं बिल देणारा हार्डवेअरवाला शोधायचा, पीएफएमएसवर नोंद करायची, पेमेंट ॲडव्हाइस छापायची आणि त्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही घ्यायची. अध्यक्ष बीड जिल्ह्यातल्या एखाद्या तांड्यावरचे असतील, तर ते त्या वेळी कोल्हापूर किंवा बेळगाव भागातल्या एखाद्या फडावर ऊस तोडत असतात. मग गुरुजी कागद घेऊन एसटीनं फडावर जातात, नाहीतर मर्यादा परत जाते. गळक्या छताला लागणारी ताडपत्री जूनमध्ये हवी असते. पैसे मार्चमध्ये मिळाल्यावर जे घेतलं जातं ते गरजेचं नसतं, मिळेल ते असतं. वर उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेलं, की कागदावर सगळं सुरळीत.

ही शाळा चालवतं तरी कोण? शिक्षकांचा पगार राज्य सरकार देतं, तो शालार्थ प्रणालीतून निघतो. पदं किती हे संच मान्यता ठरवते. बदल्या ग्रामविकास विभाग करतो, अभ्यासक्रम आणि परीक्षा शालेय शिक्षण विभाग पाहतो. पोषण आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० वाटून घेतात. खोलीचं बांधकाम जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, पाणी ग्रामपंचायतीकडे. शाळेची जागा कित्येक ठिकाणी अजून कुणाच्या तरी आजोबांच्या नावावर, कारण दान तोंडी झालं आणि सातबारावर चढलंच नाही. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी ही देखरेखीची उतरंड आहे. निर्णयाचा अधिकार मात्र तिच्यात कुठल्या पायरीवर बसतो हे शोधूनही सापडत नाही.

कायद्यात तो सापडतो. १९६१ च्या जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमात शिक्षण समिती ही विषय समिती आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींतून आलेल्या या रचनेचा हेतूच असा होता, की गावच्या शाळेचे प्रश्न जिल्ह्यातल्या निवडून आलेल्या माणसांसमोर यावेत. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर अकराव्या अनुसूचीतही प्राथमिक आणि माध्यमिक शाळा आल्या. प्रत्यक्षात मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तिथं प्रशासकच होते. एवढ्या काळात शिक्षण समितीच्या बैठकीत एखाद्या सदस्यानं उठून ‘आमच्या गटातल्या अमुक शाळेला मास्तर का नाही?’ असं विचारलंच नाही, कारण विचारायला सदस्यच नव्हता. शिक्षक संघटनांनी या गोष्टीवर म्हणावा तसा आवाज केला नाही. काही मुख्याध्यापकांना तर सदस्यांचा ससेमिरा टळला म्हणून बरंच वाटलं असेल. पण पुढारी त्रास देतो म्हणून त्याचा प्रश्नही नको झाला, तर शाळेच्या वतीनं बोलणार कोण?

अधिकार वर गेला की काय होतं, याचा धडा गणवेशानं दिला आहे. दोन गणवेशांसाठी वर्षाला मुलामागे ६०० रुपये आणि खरेदी शाळा व्यवस्थापन समितीनं करायची, ही पद्धत अनेक वर्षं चालली. तिच्यात खोट होती, कापड कधी हलकं निघायचं. तरी मुलाचं माप गावातलाच शिंपी घ्यायचा. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ म्हणून कापडाची खरेदी राज्य पातळीवर गेली आणि शिलाई बचतगटांकडे. कित्येक शाळांत दिवाळी आली तरी गणवेश आले नाहीत. आले ते मापाला बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं निर्णय फिरवला आणि २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली. एक वर्ष मुलांचं गेलं, पण अधिकार वरून खाली परत आला अशी उदाहरणं आपल्या खात्यात फार नाहीत. म्हणून हे लक्षात ठेवावं.

इमारतीबाबत मात्र अधिकार खाली यायची चिन्हं नाहीत. धोकादायक खोली पाडायची तर निर्लेखनाचा प्रस्ताव लागतो. अभियंत्याचा दाखला, ठराव, मूल्यांकन, जिल्हा परिषदेची मंजुरी. तोवर ती खोली उभी, तिच्या दाराला सुतळी बांधलेली आणि मधल्या सुट्टीत मुलं तिच्याच सावलीत गोट्या खेळणार. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीच्या सरकारी शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. त्यानंतर इमारतींच्या तपासणीची पत्रं सगळीकडे निघाली. आपल्यापैकी अनेकांनी तक्ते भरून दिले. तक्ता भरला म्हणजे पाडण्याची परवानगी मिळाली असं होत नाही. तो प्रस्ताव वेगळा द्यावा लागतो आणि तो दिल्याचा कागद मुख्याध्यापकाकडे असलाच पाहिजे.

पटाचा मुद्दा शेवटी शाळा ठेवायची की नाही इथवर जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करण्याची, म्हणजे समूह शाळांची, चर्चा सुरू झाली तेव्हा राज्यात २० पेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचं खात्यानंच सांगितलं होतं. त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळची नावं पुढे आली. शिक्षण हक्क कायद्याखाली पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. १५ मार्च २०२४ च्या संच मान्यतेच्या निर्णयानं मात्र वीसच्या आतल्या शाळांत दुसऱ्या नियमित शिक्षकाचं पद डळमळीत केलं. एक शिक्षक, चार-पाच इयत्ता, पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती, एवढं एकट्यानं ओढायचं. मग पालक मूल काढतात, पट आणखी घसरतो आणि शाळा ‘अव्यवहार्य’ ठरते. म्हणजे खात्यानं आधी शाळेचं अंगण आखडलं आणि मग मुलं खेळत नाहीत म्हणून तिलाच दोष दिला.

प्रत्येक शाळा जशी आहे तशीच राहिली पाहिजे, असं आम्ही म्हणत नाही. चार मुलं एका खोलीत पाच वर्षं बसली, तर त्यांना भांडायला आणि खेळायला बरोबरीचं कुणी मिळत नाही, हेही खरं. एक किलोमीटरच्या आत दुसरी चांगली शाळा असेल, वाटेत ओढा किंवा महामार्ग नसेल आणि पालक राजी असतील, तर एकत्र यायला हरकत नाही. हरकत आहे ती हा निर्णय यूडायसच्या आकड्यावरून पुण्या-मुंबईत होण्याला. तो गावात, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आणि ग्रामसभेत झाला पाहिजे.

इथं मात्र बोट आपल्याकडे वळतं. कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला सांगितल्या आहेत. मुख्याध्यापक सचिव असतो. अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणं आणि तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा करणं ही समितीची कामं आहेत, मुख्याध्यापकाची नव्हेत. होतं काय? आराखडा शेजारच्या शाळेच्या फाइलवरून उतरवला जातो, गावाचं नाव बदललं जातं आणि इतिवृत्त आधी लिहून सह्या नंतर गोळा होतात. ‘ताई, इथं सही करा’ एवढ्यावर महिला सदस्यांचा सहभाग संपतो. गप्प बसणारा अध्यक्ष सोयीचा, असं मानणारे आपल्यात बरेच आहेत. असा अध्यक्ष शाळा बंद करण्याचं पत्र आलं तरी गप्पच बसतो.

वाटा आपल्याला वाटतात त्याहून जास्त मोकळ्या आहेत. पंधराव्या वित्त आयोगाचा ग्रामीण निधी २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के बंधित आणि ४० टक्के अबंधित ठेवला होता. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी होता. शाळेचं स्वच्छतागृह आणि पिण्याच्या पाण्याची सोय त्यात बसवून घेणाऱ्या ग्रामपंचायती आपण पाहिल्या आहेत, आणि पाच वर्षांत शाळेचा विषय आराखड्यात न आलेल्याही पाहिल्या आहेत. फरक बहुतेक ठिकाणी एकाच गोष्टीचा होता. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होत असताना शाळेचा कागद टेबलावर होता की नव्हता. सरपंच एरवी वाईट नसतो, पण न मागितलेलं तो देत नाही.

शासनाकडे आमची मागणी साधी आहे. संयुक्त शाळा अनुदानात पटाचा विचार न करता प्रत्येक शाळेला इमारतीसाठी एक किमान ठोक रक्कम द्या आणि पटावरची रक्कम तिच्यावर वाढीव ठेवा. वीजबिल त्यातून वगळून जिल्हा पातळीवरच भरा. मर्यादा जुलैअखेर खात्यावर द्या. यासाठी नवी योजना नको, नवं ॲप तर नकोच.

वाचकांना विनंती वेगळी आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत आराखड्याचं काम सुरू होतं. त्याआधी समितीची खरी बैठक घ्या, आईबापांना सवड असेल तेव्हा, म्हणजे संध्याकाळी. शाळेला लागणाऱ्या तीन गोष्टी ठरवा, त्यांचं अंदाजपत्रक काढा आणि समितीच्या ठरावासह ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे द्या. ग्रामसभेत तो मुद्दा मुख्याध्यापकानं नव्हे, समितीतल्या एखाद्या आईनं मांडू द्या. आणि अर्ज दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून उठू नका.