रस्त्याचं धुळे, रुळांचं जळगाव

धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला चढून गेलं की पायथ्याशी मुंबई-आग्रा महामार्ग दिसतो. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी हा डोंगर का धरला, ते तिथे उभं राहिल्यावर कुणी सांगावं लागत नाही. ही वाट ज्याच्या हाती, त्याची खानदेशावर नजर. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज इकडे आला. त्यानेही वाटेचाच हिशेब केला, जिल्ह्याचं ठाणं धुळ्यात बसवलं आणि पांझरेकाठी सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली.

त्या आखणीची सवय अजून सुटलेली नाही. धुळेकराला पत्ता विचारा, तो सरळ आकडा सांगतो: गल्ली नंबर चार, गल्ली नंबर सहा. यातल्या गल्ली नंबर 1 मध्ये राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यातच वारले. त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेली दप्तरं सांभाळायला 1927 मध्ये हे मंडळ उभं राहिलं. आग्रा रोडवर खरेदीला येणाऱ्यांपैकी किती जणांनी तिथे डोकावून पाहिलंय, हे मी विचारत नाही. उत्तर ऐकून वाईट वाटेल.

पण रस्त्याने दिलेलं रुळांनी नेलं. 1860 च्या दशकात जीआयपी रेल्वे चाळीसगाव, जळगाव, भुसावळ अशी गेली आणि धुळे बाजूला राहिलं. नेमकी तेव्हाच अमेरिकेत यादवी पेटली होती आणि खानदेशी कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाठी स्टेशनाकडे निघाल्या, त्यांच्यामागून अडते आणि सावकार निघाले, जळगाव फुगत गेलं. 1906 मध्ये खानदेशाचे दोन तुकडे झाले तेव्हा पूर्वेचं ठाणं जळगावला मिळालं. रावेर-सावद्याची केळी पुढे वाघिणी भरभरून दिल्लीकडे गेली, तीही याच रुळांवरून. जळगावकर हे कर्तबगारीचं फळ मानतात. कर्तबगारी आहेच, पण दारात मेन लाइन होती हेही कबूल करावं!

धुळ्याच्या वाट्याला 1900 साली चाळीसगावहून फाटा आला. त्याच सुमारास सुरतेकडून येणारा मार्ग दोंडाईचा, नरडाणा करत अमळनेरकडे गेला. धुळ्याला तोही चुकला. शंभरावर वर्षं झाली, धुळ्याचं स्टेशन अजून शेवटचंच. गाडी येते आणि आल्या वाटेने परत फिरते. पश्चिम खानदेशाचा धुळे जिल्हा झाला, 1998 मध्ये त्यातून नंदुरबार वेगळं निघालं, पण फाटा तेवढाच राहिला.

धुळ्यावरून जाणाऱ्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाची मागणी आमच्या आजोबांच्या पिढीपासूनची. 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 309 किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, खर्च 18,036 कोटी रुपये. त्या दिवशी धुळ्यात फटाके फुटले असतील तर नवल नाही. पण आमच्याकडे मंजुरी आणि गाडी यांत किती पावसाळे जातात ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पुढच्या वेळी पुढारी दारात आला की त्याला हार घालण्याआधी एवढंच विचारा: या मार्गाच्या बोरविहीर ते नरडाणा टप्प्यावर पहिली गाडी कोणत्या तारखेला? आणि तो सांगेल ती तारीख त्याच्यासमोर लिहून घ्या.