सलाईन म्हणजे जेवण नव्हे

ऊसतोडीत लागलेला कोयता, मधुमेह्याच्या तळपायाची चिघळलेली जखम, अंगावर काढलेला न्यूमोनिया. कंदर, केत्तूर, टेंभुर्णी अशा उजनीकाठच्या गावांत सेप्सिसची सुरुवात अशीच होते. जंतुसंसर्गाशी लढताना शरीराचा तोल सुटतो, रक्तदाब पडतो, मूत्रपिंडे थकतात आणि रुग्णाला सोलापूर किंवा पुण्याच्या आयसीयूत हलवावे लागते. बाहेर नातेवाईक म्हणतात, "पोटात काहीच नाही, आणखी एक सलाईन लावा, ताकद येईल."

ही माया खरी, पण समजूत चुकीची. सेप्सिसमध्ये सलाईन रक्तदाब सावरते, जीव वाचवते. पण त्यात मीठ-पाणीच असते. पाच टक्के ग्लुकोजच्या 500 मिलीच्या बाटलीतही जेमतेम 85 कॅलरी असतात आणि प्रथिने मुळीच नाहीत. 60 किलोच्या माणसाला सावरताना दिवसाला साधारण 1500 कॅलरी आणि किमान 70 ग्रॅम प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत तर झीज स्नायूंची होते. मग वाचलेला माणूसही महिनोन्‌महिने उभा राहू शकत नाही.

शिरेतून पूर्ण आहार देता येतो, हे डॉ. स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960च्या दशकात फिलाडेल्फियात दाखवून दिले. ग्लुकोज, अमिनो आम्ले, स्निग्ध पदार्थ आणि जीवनसत्त्वे मोठ्या शिरेतून दिली जातात. आतडे फाटले, अडले किंवा काम करेनासे झाले, तर हाच आधार. पण शिरेत घातलेल्या नळीतून जंतूही शिरू शकतात, रक्तातली साखर चढते. बेल्जियममध्ये 4640 रुग्णांवर झालेल्या आणि 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शिरेतला आहार आठव्या दिवसापर्यंत थांबवलेल्यांना संसर्ग कमी झाले आणि ते आयसीयूतून लवकर बाहेर पडले. आधीच कुपोषित असलेल्यांचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. त्यांना फार थांबवता येत नाही आणि एकदम भरपूरही देता येत नाही.

म्हणून आतडे चालत असेल तर पहिला मान त्याचाच. सेप्सिसविषयीच्या 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना नाकातल्या नळीवाटे पहिल्या 72 तासांतच आहार सुरू करायला सुचवतात. रक्तदाब सावरू लागला की थोडा थोडा.

नातेवाइकांनी सलाईनचा हट्ट सोडून डॉक्टरांना रोज विचारावे : नळीतून आहार सुरू झाला का? काल किती गेला? नसेल तर का नाही? आणि तालुक्याच्या गावापर्यंतच्या प्रत्येक आयसीयूने ही उत्तरे औषधांच्याच कागदावर, औषधांइतक्याच काटेकोरपणे लिहावीत. सेप्सिसच्या रुग्णाचा आहार हा उपचारच आहे. त्याचा हिशेब मागणे हा घरच्यांचा हक्क आहे.