हिमालयातला ट्रेक : आधी उंची, मग रजा

हिमालयातला आठ-दहा दिवसांचा ट्रेक आखताना नाशिकचा ट्रेकर सहसा कॅलेंडर घेऊन बसतो. रजा किती मिळेल, तिला मागेपुढे कोणते रविवार जोडता येतील, नाशिक रोडहून दिल्लीचे आरक्षण कोणत्या तारखेचे मिळेल, हे आधी ठरते आणि उरलेल्या दिवसांत डोंगर बसवला जातो. सह्याद्रीत ही पद्धत चालून जाते. हिमालयात ती उलटी धरावी लागते. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे हे आधी ठरते, त्यावरून दिवस निघतात, आणि तेवढी रजा नसेल तर ट्रेक बदलायचा असतो.

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर वसले आहे. बागलाणातला साल्हेर हा राज्यातला सर्वांत उंच किल्ला १,५६७ मीटरचा, तर इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या सीमेवरचे कळसूबाई हे राज्यातले सर्वोच्च शिखर १,६४६ मीटरचे. महाराष्ट्रात याहून उंच जमीनच नाही. हिमालयात एव्हरेस्टच्या वाटेवरचे नामचे बझार हे नांदते गाव ३,४४० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. मनालीजवळची हमटा खिंड सुमारे ४,२७० मीटरवर आहे, आणि एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर.

उंचीवर हवेतला प्राणवायू कमी होतो असे सर्रास म्हटले जाते. खरे तर त्याचे प्रमाण सगळीकडे २१ टक्क्यांच्या आसपासच असते. कमी होतो तो हवेचा दाब. लेहच्या उंचीवर, म्हणजे सुमारे ३,५०० मीटरवर, तो समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या जवळ येतो आणि बेस कॅम्पवर जवळजवळ निम्मा होतो. प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायू त्याच हिशेबाने घटतो. शरीर यावर उपाय शोधते. श्वास जलद आणि खोल होतो, नाडी वाढते, मूत्रपिंडे रक्तातले क्षार बाहेर टाकून श्वासाची ही वाढलेली गती सांभाळून घेतात, आणि पुढच्या काही आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात. यातली पहिली दोन कामे तासाभरात होतात. मूत्रपिंडांच्या कामाला मात्र दिवस लागतात, आणि ते दिवस व्यायामाने, इच्छाशक्तीने किंवा पैशाने कमी करता येत नाहीत.

या विषयाचे पायाभूत ज्ञान भारतीय जवानांच्या आजारपणातून आले आहे. साठच्या दशकात सपाटीवरच्या तुकड्या थोड्या अवधीत उंच सीमाभागात पोचवाव्या लागल्या. तिथे आजारी पडलेल्या १,९२५ जवानांचा अभ्यास डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला, आणि उंचीवरच्या आजारावरचे लेखन आजही त्याचा आधार घेते. लष्कराने पुढे यासाठी शिस्तीचे वेळापत्रकच ठरवले. २,७०० ते ३,६०० मीटरच्या पट्ट्यात सहा दिवस, ३,६०० ते ४,५०० मीटरसाठी आणखी चार, आणि त्याहून वर जायचे तर पुन्हा चार दिवस. पहिल्या सहांतले दोन दिवस नुसती विश्रांती, मग सपाटीवरचे चालणे, मग थोडा चढ. देवळालीच्या तोफखाना केंद्रातून उंच सीमेवर जाणारा, रोज कवायत करणारा तरुण जवानही या पायऱ्या गाळत नाही. ऑफिसातून उठून निघालेल्या ट्रेकरने त्या गाळाव्यात, याला काहीच आधार नाही.

नागरी ट्रेकसाठीचा नियम थोडा सैल, तरी त्याच जातीचा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर जास्तीचा करावा. येथे महत्त्व झोपण्याच्या उंचीला आहे. दिवसा वर चढून संध्याकाळी खाली उतरून झोपणे चालते, उलट फायद्याचेच ठरते. झोपेत श्वास मंदावतो आणि प्राणवायूची पातळी आणखी उतरते. म्हणूनच आदल्या दिवशीच्या चढाचा हिशेब शरीर बहुधा पहाटेच्या डोकेदुखीने मांडते.

हा नियम एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेला लावून पाहण्यासारखा आहे, कारण हा ट्रेक मराठी ट्रेकर्सच्या यादीत नेहमी वर असतो. काठमांडूहून विमान लुक्लाला उतरते ते २,८६० मीटरवर. पहिला मुक्काम त्याहून खाली, फाकडिंगला, सुमारे २,६०० मीटरवर होतो. दुसऱ्या दिवशी नामचे. ही चढण एका दिवसात आठशेहून अधिक मीटरची आहे, नियमात न बसणारी. पण मधे सोयीचा मुक्काम नाही, म्हणून तिची भरपाई नामचेतल्या दुसऱ्या रात्रीने केली जाते. त्या दिवशी खोलीत पडून न राहता ३,८०० मीटरपर्यंत चढून परत यायचे असते. पुढे तेंगबोचे ३,८६० आणि दिंगबोचे ४,४१० मीटर. तिथे पुन्हा एक जास्तीची रात्र. मग लोबुचे ४,९४०, गोरक्षेप सुमारे ५,१६० आणि त्याच दिवशी दुपारी बेस कॅम्प. लुक्लापासून मोजले तर वर जायला आठ दिवस आणि उतरायला तीन. उतरताना नियम नाही. शरीर खाली येताना आनंदात असते.

त्यात नाशिकहून मुंबई किंवा दिल्लीमार्गे काठमांडूला जाणे, तिथला कागदपत्रांचा एक दिवस आणि परतीचा प्रवास धरला की पंधरा दिवस होतात. गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीच विमाने काठमांडूऐवजी मंथलीहून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तासांचा घाटरस्ता आला. लुक्लाची धावपट्टी ढगांत गेली की उड्डाणे बंद होतात, कधी सलग दोन-तीन दिवस. त्यामुळे किमान दोन राखीव दिवस हवामानासाठी आणि एक आजारपणासाठी धरला, तर हा ट्रेक अठरा दिवसांचा होतो. बारा दिवसांत बेस कॅम्प दाखवणारी योजना नेमकी कोणती रात्र गाळते, हे पैसे भरण्याआधी विचारलेच पाहिजे. बहुतेक वेळा नामचे किंवा दिंगबोचेचा जास्तीचा मुक्काम गेलेला असतो.

लडाखची अडचण वेगळी आहे. ओझरहून दिल्ली आणि दिल्लीहून लेह असे विमानाने जाणारा माणूस एका दिवसात ६०० मीटरवरून ३,५०० मीटरवर पोचतो. मधल्या पायऱ्या नसतातच, म्हणून लेहमध्ये पहिले दोन दिवस संपूर्ण विश्रांती, भरपूर पाणी आणि हलका आहार. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण वर्ज्य, कारण दोन्हींमुळे श्वास मंदावतो. पोचल्या दिवशीच लेहहून उंच असलेल्या खार्दुंगला खिंडीकडे गाडी काढणे हे धाडस नव्हे, अविचार आहे.

हंगामाचे गणित मराठी घराच्या सुट्ट्यांशी पुरते जुळत नाही. मे महिन्यात शाळा बंद असतात, पण हिमाचलातल्या उंच खिंडी तेव्हा बर्फाखाली असतात. हमटा साधारण जूनच्या मध्यावर उघडते. मेमध्ये कुलू खोऱ्यातला सार पास होतो, तोही बर्फातून. जुलै-ऑगस्टमध्ये कुमाऊँ-गढवालमध्ये पाऊस आणि दरडी, तर लडाख आणि स्पिती पर्जन्यछायेत असल्याने तेव्हा खुले. पाऊस ओसरल्यानंतरचा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीचा काळ सर्वांत निर्मळ. दिवाळीची सुट्टी या काळात येत असेल तर तिच्यासारखी वेळ नाही. हंगाम चांगला म्हणून हवामान चांगले, असे मात्र गृहीत धरता येत नाही. जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातल्या गटाला हिमवादळाने गाठले आणि नऊ जण दगावले. महिना ट्रेकिंगचाच होता.

शरीराच्या तयारीसाठी नाशिकइतके सोयीचे शहर क्वचितच सापडेल. पांडवलेणी आणि चामरलेणीच्या पायऱ्या रोज सकाळी, अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी रविवारी, आणि महिन्यातून एकदा साल्हेर-सालोटा किंवा कळसूबाई, असा तीन-चार महिन्यांचा क्रम पुरेसा आहे. त्यात दोन गोष्टी आवर्जून हव्यात. एक, पाठीवर आठ-दहा किलोंची सॅक. दुसरी, सलग दोन दिवस चढणे, कारण हिमालयात थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघावे लागते. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी अनवाणी पुरी करणाऱ्यांकडे ही चिकाटी असतेच. गुडघे बहुधा उतारावर दगा देतात, म्हणून उतरण्याचाही सराव हवा. पण या सगळ्या तयारीने माणूस दमत नाही इतकेच. उंचीच्या आजारापासून ती वाचवत नाही. तंदुरुस्त तरुण पुष्कळदा आधी आजारी पडतात, कारण ते भरभर चढतात.

सामानाबद्दल थोडक्यात. निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा पाच अंशांखाली उतरतो तेव्हा द्राक्षबागायतदार रात्रभर शेकोट्या पेटवतात. ऑक्टोबरअखेर गोरक्षेपला रात्री उणे दहाच्याही खाली जाते, आणि वर वारा असतो. एक जाड जाकीट नेण्यापेक्षा अंगाला थर्मल, त्यावर फ्लीस, वर पिसांचे जाकीट आणि सर्वांत बाहेर वारा-पाऊस अडवणारा थर, अशी रचना उपयोगी पडते. सुती बनियन आणि जीन्स घामाने भिजून थंडी आत ओढतात. बूट सह्याद्रीत शंभर-दीडशे किलोमीटर चाललेले असावेत. बर्फावर गडद गॉगल नसेल तर डोळे एका दिवसात भाजतात. ५,००० मीटरवर पाणी साधारण ८३ अंशांनाच उकळते, त्यामुळे प्रेशर कुकरशिवाय डाळ शिजत नाही. शिवाय तिथे भूक मरते. चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, मेतकूट अशा ओळखीच्या चवींना तेव्हा मोल येते.

आजाराची ओळख गटातल्या प्रत्येकाला हवी. उंचीवर गेल्यावर डोके दुखू लागले आणि सोबत मळमळ, भूक न लागणे, चक्कर किंवा कमालीचा थकवा असला, की दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार मानायचा. अशा माणसाने वर चढायचे नाही. त्याच मुक्कामी थांबून बरे वाटले तर पुढे, बिघडले तर खाली. सरळ रेषेत टाचेला बोटे लावत चालता येईना, बोलणे असंबद्ध झाले, तर मेंदूला सूज आली आहे. बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, ओठ निळसर होतात, तर फुप्फुसांत पाणी झाले आहे. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते. प्राणवायू आणि औषधे हाताशी असतील तर द्यावीत, पण ती उतरण्याला पर्याय नाहीत. सोबत माणूस देऊन लगेच खाली नेणे हाच खरा उपचार. अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी जुळवून घेण्याची क्रिया वेगवान करते, पण ती निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते त्यांना आधी सांगावे. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असणाऱ्यांनी तपासणीशिवाय निघू नये.

सर्वांत घातक सवय लक्षणे लपवण्याची आहे. एकट्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बिघडेल या संकोचाने माणसे गप्प राहतात. म्हणून परत फिरण्याचे निकष नाशिकमध्येच, सगळ्यांसमोर ठरवावेत, आणि आजारी माणसासोबत कोण उतरणार हेही. निर्णय एकाच लीडरचा असावा.

कागदपत्रांत चुका होतात त्या जुन्या माहितीमुळे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि रूपकुंडसारख्या ट्रेकची जुनी आखणी मोडली. नेपाळला विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागते. प्रौढांना आधार कार्ड चालत नाही. विमा काढताना तो किती मीटर उंचीपर्यंत लागू आहे आणि हेलिकॉप्टरचा खर्च त्यात आहे का, या दोन ओळी शोधून वाचाव्यात. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे गुन्हा आहे, परदेशातून कुणी भेट दिलेला असला तरी. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी सुरू होते. परतीचे तिकीट राखीव दिवस धरूनच काढावे; वरच्या छावणीत तब्येत बिघडली असताना पुढची गाडी चुकेल या धास्तीने घेतलेले निर्णय महागात पडतात.

राहिला प्रश्न पहिल्या ट्रेकचा. देहराडूनहून गाडीने सांक्रीला जाता येते, ते सुमारे १,९५० मीटरवर आहे. तिथून हर की दून (३,५६६ मीटर) किंवा केदारकंठा (३,८१० मीटर) करता येतात. दोन्हींत चढ टप्प्याटप्प्याने येतो, मुक्काम मर्यादित उंचीवर होतात आणि तब्येत बिघडली तर खाली येणे सोपे असते. आपले शरीर विरळ हवेत कसे वागते हे त्यात कळते, आणि पुढच्या आखणीला तीच खरी माहिती लागते. ज्यांना खिंडींपलीकडे शिखरांकडे जायचे आहे, त्यांनी दार्जिलिंग, उत्तरकाशी किंवा मनालीच्या संस्थेतला सुमारे चार आठवड्यांचा बेसिक कोर्स करावा. सह्याद्री कितीही पायाखाली घातला असला, तरी एव्हरेस्ट बेस कॅम्प हा हिमालयातला पहिला ट्रेक म्हणून निवडू नये.