खाच फिरवली म्हणून स्प्रिंग बदलत नाही

मोटरसायकलच्या मागच्या शॉकअपमध्ये दोन वेगळी यंत्रे एकत्र बसवलेली असतात. बाहेरची स्प्रिंग गाडीचे आणि माणसांचे वजन पेलते. आतला डॅम्पर, म्हणजे तेलाने भरलेली नळी आणि तिच्यात सरकणारा बारीक छिद्रांचा पिस्टन, त्या स्प्रिंगची उसळी आवरतो. चाक किती सरकले याला स्प्रिंग उत्तर देते आणि किती वेगाने सरकले याला डॅम्पर. मागचे शॉकअप बदलण्याबद्दल जे गैरसमज रूढ आहेत, ते बहुतेक या दोन कामांची गल्लत केल्यामुळे झालेले आहेत.

रूढ मत थोडक्यात असे. डबल सीट बसले की गाडी मागे दबते, खड्ड्यात आपटते. अशा वेळी स्प्रिंगखालची रिंग हूक स्पॅनरने फिरवून शेवटच्या खाचेत टाकावी. स्प्रिंग ‘कडक’ होते. तेवढ्याने भागले नाही तर गॅसचे, बाजूला डबी असलेले महागडे शॉकअप बसवावेत. स्प्रिंग त्यांच्यासोबत येईल ती चालते. हातात पैसे नसतील तर जुन्या स्प्रिंगची एकदोन वेटोळी कापावीत किंवा दुसऱ्या गाडीचे शॉकअप लावावेत. या मताच्या बाजूने एवढे मान्य करायला हवे की रिंग कंपनीनेच दिलेली आहे, ती फिरवायला खर्च येत नाही आणि फिरवल्यावर गाडीची शेपटी खरोखरच वर येते. मात्र शेपटी वर आली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, हे अनुमान चुकीचे आहे.

रिंग फिरवल्याने स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवली जाते. यालाच प्रीलोड म्हणतात. स्प्रिंगचा ताठरपणा ठरतो तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, मोकळ्या वेटोळ्यांची संख्या आणि पोलादाचा गुण यांवरून. यांपैकी एकही गोष्ट रिंग फिरवून बदलत नाही. रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो: जेवढे बल, तेवढा दाब. एका मिलिमीटरला ९० न्यूटन लागणाऱ्या स्प्रिंगला पहिल्या खाचेतही पुढच्या मिलिमीटरला ९० न्यूटनच लागतात आणि शेवटच्या खाचेतही ९०च. प्रीलोडने बदलते ती गाडीची उंची.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. समजा, मागे एकच शॉकअप असलेल्या (मोनोशॉक) गाडीत मागचे चाक एकूण १२० मिलिमीटर वरखाली होते आणि चाक २ मिलिमीटर सरकले की शॉकअप १ मिलिमीटर दबतो. रिकाम्या गाडीचे ५५ किलो, चालवणाऱ्याचे ४९ किलो आणि मागे बसणाऱ्याचे ६० किलो वजन, चाकापाशी मोजून, मागच्या स्प्रिंगवर येते. ९० न्यूटनची स्प्रिंग आणि ६ मिलिमीटर प्रीलोड असताना ही गाडी रिकामी १२, एकट्या स्वाराने ३३ आणि डबल सीट जवळजवळ ६० मिलिमीटर बसते. एकट्यासाठी हे उत्तम आहे. दोघे बसल्यावर मात्र निम्मी चाल जागेवरच संपते.

आता डबल सीटचे बसणे ४२ मिलिमीटरवर आणायचे आहे. एक मार्ग रिंगचा: प्रीलोड ६ वरून १५ मिलिमीटर करायचा. दुसरा मार्ग स्प्रिंगचा: प्रीलोड ६ च ठेवून १२० न्यूटनची स्प्रिंग घालायची. दोन्ही मार्गांनी दोघे बसल्यावर उंची एकच मिळते, म्हणून गॅरेजमध्ये फरक दिसत नाही. रस्त्यावर तो दिसतो. उरलेली ७८ मिलिमीटर चाल संपवून गाडी आपटवायला पहिल्या मार्गात चाकावर सुमारे १,७५० न्यूटन जादा बल पुरते, दुसऱ्यात सुमारे २,३४० न्यूटन लागते. म्हणजे नवी स्प्रिंग आपटण्याला एक तृतीयांश अधिक विरोध करते. दुसऱ्या दिवशी स्वार एकटाच निघाला, तर पहिल्या मार्गात गाडी जेमतेम १५ मिलिमीटर बसते आणि रिकामी असताना बसतच नाही. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागा उरत नाही, ते हवेत राहते आणि मागून दणके बसतात. ‘स्प्रिंग कडक झाली’ असे वाटते ते या दणक्यांमुळे. १२० न्यूटनच्या स्प्रिंगवर तोच स्वार २२ आणि रिकामी गाडी ६ मिलिमीटर बसते.

गॅसच्या शॉकअपची कथाही अशीच. त्यात दाबाने भरलेला नायट्रोजन असतो तो तेलाला फेस येऊ नये म्हणून. खडबडीत रस्त्यावर पिस्टन सतत धावला की तेल तापते. फेसाळलेले तेल छिद्रांतून सहज निसटते आणि डॅम्पर ढिला पडतो. दाबाखालचे तेल फेसाळत नाही आणि लांबच्या प्रवासात शॉकअप एकसारखे काम देतो. हा गुण मोलाचा आहे, पण त्याने वजन पेलण्याची ताकद म्हणण्यासारखी वाढत नाही. वजनाला न जुळणाऱ्या स्प्रिंगवरचा महाग डॅम्पर म्हणजे मापाचा नसलेला भारी बूट.

वेटोळी कापण्याचा उपाय गणिताला धरून आहे, म्हणूनच तो फसवतो. दहा मोकळ्या वेटोळ्यांपैकी दोन कापली तर ताठरपणा खरोखर २५ टक्के वाढतो. मात्र स्प्रिंग आखूड होते, प्रीलोड नाहीसा होतो आणि सपाट घासलेले टोक गेल्यामुळे ती आपल्या बैठकीत वाकडी बसते. उरलेली वेटोळी चाल संपण्याआधीच एकमेकांना टेकण्याचा धोकाही राहतो. तारेच्या जाडीवरून डोळ्यांनी केलेला अंदाजही कामाचा नाही. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. बाकी सारे सारखे असताना १० ऐवजी ११ मिलिमीटरची तार घेतली तर तो ४६ टक्क्यांनी वाढतो.

दुसऱ्या गाडीचे शॉकअप लावताना आडवा येतो तो स्विंगआर्मचा, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा, तरफ-हिशेब. चाकापाशी जाणवणारा ताठरपणा तरफेच्या गुणोत्तराच्या वर्गाने घटतो: गुणोत्तर २ असेल तर ९० न्यूटनची स्प्रिंग चाकाला २२.५ न्यूटनचीच वाटते. जुन्या पद्धतीचे दोन शॉकअप चाकाजवळ असतात, तिथे हे गुणोत्तर १ च्या आसपास राहते. त्यामुळे एका गाडीच्या स्प्रिंगचा आकडा दुसऱ्या गाडीला सरसकट लावता येत नाही. लांबीचेही तसेच. गुणोत्तर २ असताना २० मिलिमीटर लांब शॉकअप गाडीची शेपटी ४० मिलिमीटर उचलतो. पुढचा फोर्क अधिक उभा होतो आणि साखळीचा कोन बदलतो.

मग योग्य स्प्रिंग ठरवायची कशी? त्याला मोजपट्टी आणि एक मदतनीस पुरतो. मागच्या एक्सलपासून सरळ वर सीटखाली खूण करून तीन मापे घ्यावीत: चाक अधांतरी असताना, गाडी रिकामी उभी असताना, आणि स्वार हेल्मेटसह फुटरेस्टवर पाय ठेवून बसला असताना. प्रत्येक वेळी सीट दाबून सोडावी, म्हणजे सील आणि बुशांचे घर्षण माप बिघडवत नाही. पहिल्या मापातून दुसरे वजा केले की रिकाम्या गाडीचा सॅग, म्हणजे ती किती बसते ते, मिळतो. पहिल्यातून तिसरे वजा केले की स्वारासहचा.

रस्त्यावरच्या गाडीत स्वारासहचा सॅग चाकाच्या चालीच्या पाव ते एक तृतीयांश असावा. आधी प्रीलोडने तो जुळवावा आणि मग रिकाम्या गाडीचा सॅग पाहावा. निकाल तिथे लागतो. तो साधारण ५ ते १५ मिलिमीटर असेल तर स्प्रिंग बरोबर आहे. शून्याला टेकला असेल तर स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोड तिची उणीव झाकतो आहे. बराच जास्त असेल तर स्प्रिंग गरजेहून कडक आहे.

माप घेताना रोजचे खरे वजन धरावे. दोन्ही बाजूंना ४० लिटरचे कॅन लावून डेअरीवर जाणाऱ्या दूधवाल्याच्या गाडीवर जाताना ८० किलोंहून जास्त दूध असते आणि परतताना रिकामे कॅन. त्याला काही वेटोळी जवळ आणि काही लांब असलेली स्प्रिंग सोयीची. वजन वाढते तशी जवळची वेटोळी एकमेकांना टेकतात आणि उरलेली स्प्रिंग ताठ होत जाते. वजन रोज सारखेच असेल, तर एकाच ताठरपणाची स्प्रिंग अधिक नेमकी.

स्प्रिंग ठरल्यावर डॅम्परचा विचार करावा. ती एक तृतीयांशाने ताठ केली तर तीच पकड राखायला रिबाउंड डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंग परत उसळताना डॅम्परचा विरोध, सुमारे १५ टक्के वाढवावे लागते. नाहीतर गाडी गतिरोधकानंतर डोलत राहते. जुन्या डॅम्परला रिबाउंडचा स्क्रू नसेल, किंवा त्याच्या दांड्यावर तेल दिसत असेल, तर नवा शॉकअप घेण्याचे कारण रास्त ठरते. त्याआधी टायरची हवा आणि स्विंगआर्मचे बुश तपासलेले असावेत, कारण त्यांचा दोष अनेकदा शॉकअपच्या माथी मारला जातो.

रिंग कंपनीने दिली आहे ती वजन अधूनमधून बदलते म्हणून. वजन कायमचे बदलले असेल, तर बदलायची असते स्प्रिंग.